जुन्या लष्करी रायफली आणि बॅरलचा ‘ब्रेक-इन’: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी: काम काय आहे

चार सरप्लस (सैन्याने काढून टाकलेल्या) रायफली उघडून, तपासून, साफ करून चालवायच्या आहेत. ठरवायचे ते एकच. नव्या बॅरलसाठी (नळीसाठी) ‘ब्रेक-इन’ सांगतात: एक गोळी झाडा, बोर (नळीची आतली पोकळी) साफ करा, असे पाच-दहा वेळा, मग दर तीन किंवा पाच गोळ्यांनंतर साफसफाई. हा सोपस्कार जुन्या लष्करी बॅरलवर करण्यात काही अर्थ आहे का?

रायफली अशा:

मोसिन-नागांत ९१/३०. इझेव्स्कची, युद्धानंतर आर्सेनलमध्ये (लष्करी शस्त्र-कारखान्यात) दुरुस्त झालेली, नळीच्या तोंडाशी काउंटरबोर केलेली (भोक मोठे केलेली).
ली-एनफील्ड नं. ४. नळीत आतून पाच पिळदार खोबण्या (त्यांच्यामधले उंच भाग म्हणजे उंचवटे), पीळ डावा. (युद्धकाळात याच रायफलीला दोन खोबण्यांची बॅरलेही बसवली गेली, ही त्यांतली नाही.)
यूगोस्लाव एम४८. घट्ट ग्रीसमध्ये ठेवलेली, वापराच्या खुणा जवळजवळ नाहीत.
एम१ गॅरंड. रिसीव्हर जुना, बॅरल नवे, खासगी कारखान्याचे.

पहिल्या दोन खऱ्या अर्थाने जुन्या आहेत. तिसरी लष्करी असली तरी न वापरलेली. चौथी नळीपुरती नवीकोरीच रायफल आहे. ‘सरप्लसला ब्रेक-इन लागतो का’ या वादात बहुतेक गोंधळ इथेच होतो, कारण चारही प्रकार एकाच नावाखाली मोजले जातात.

७ जानेवारी: ब्रेक-इनचा दावा नेमका काय

चेंबर (काडतूस बसते ती जागा) आणि त्यापुढचा थ्रोट (नळीची सुरुवात) रीमर नावाच्या हत्याराने कापतात. रीमर गोल फिरतो, त्यामुळे त्याचे ओरखडे गोळीच्या वाटेला आडवे पडतात. नव्या बॅरलमध्ये गोळी तिथून जाताना या ओरखड्यांवर तिच्या जॅकेटचे (बाहेरच्या आवरणाचे) तांबे खरवडले जाते, आणि तप्त वायूबरोबर पुढे जाऊन बोरमध्ये चिकटते. प्रत्येक गोळीगणिक ओरखडे थोडे घासले जातात. मधेमधे तांबे काढले तर पुढच्या गोळीला उघडे पोलाद मिळते आणि घासणी नीट होते, हा ब्रेक-इनच्या बाजूचा युक्तिवाद. विरुद्ध बाजू म्हणते की ओरखडे कसेही झिजतातच. साफसफाईने फक्त सळईची झीज वाढते.

वाद कुणाच्याही बाजूने लागो, दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य आहे: हा बदल एकदाच होतो आणि परत फिरत नाही. आमच्या चाचणीचा आधार हाच. जुन्या नळीत पहिल्या काही गोळ्यांत जो फरक दिसतो तो खरोखर ब्रेक-इन असेल, तर संपूर्ण साफसफाईनंतर तो पुन्हा दिसायला नको. पुन्हा दिसला, तर कारण दुसरे.

क्रोम केलेल्या नळ्या या चाचणीत नाहीत. नंतरच्या सोव्हिएत एसकेएस, सुरुवातीच्या जपानी टाइप ९९ अशा रायफलींचा बोर क्रोमचा असतो; तो इतका कठीण की गोळीच्या घासणीने त्याला झिलई येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. यूगोस्लाव एम५९/६६ ही एसकेएसच, पण तिच्या नळीला क्रोम नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. तिला जुन्या दारूगोळ्यातल्या मिठाचा गंज लवकर लागतो.

११ जानेवारी: कॉस्मोलिन (साठवणुकीतले घट्ट ग्रीस) काढणे

दस्ता वेगळा, बोल्ट पूर्ण उघडलेला, मॅगझिन बाहेर. धातूचे भाग मिनरल स्पिरिटमध्ये बुडवून, नायलॉनच्या ब्रशने. आधी भाग थोडे गरम केले की मेणासारखा थर आपोआप ओघळतो आणि निम्मे काम वाचते. जागा हवेशीर हवी आणि जवळपास ठिणगी नको, कारण या द्रावणाची वाफ पेटते. दस्त्याचे लाकूड यात बुडवायचे नाही. त्यातले कॉस्मोलिन उष्णतेने बाहेर येते, ते पुसत राहायचे.

नळीकडे सगळ्यांचे लक्ष असते आणि पुढच्या दोन जागा राहून जातात.

एक, बोल्टच्या आत फायरिंग पिनची वाट. तिथे ग्रीस राहिले तर पिन मंद जाते, प्रायमरवर (काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीवर) हलका ठोका बसतो आणि काडतूस फुटत नाही. एसकेएससारख्या मोकळ्या पिनच्या रायफलीत उलट धोका: पिन पुढे अडकून राहिली तर बोल्ट बंद होतानाच गोळी सुटते, कधी एकापाठोपाठ अनेक. मोसिनची पिन पुन्हा बसवताना ती किती बाहेर येते हे तिच्याच हत्याराच्या ७५ आणि ९५ अशा दोन खाचांनी मोजले. ७५ च्या खाचेत पिनचे टोक लागले पाहिजे, ९५ च्या खाचेत लागता कामा नये. ०.०७५ ते ०.०९५ इंच, म्हणजे साधारण १.९ ते २.४ मिमी. जास्त बाहेर आली तर प्रायमर भोसकला जातो आणि वायू मागे येतो.

दोन, चेंबर. मोसिनचा बोल्ट दोन-चार गोळ्यांनंतर हातोडीने उघडावा लागतो, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते आणि दोष पोलादी काडतुसांच्या लाखेला दिला जातो. बहुतेक वेळा गुन्हेगार चेंबरमध्ये वाळलेले जुने कॉस्मोलिन असते. चेंबर तापले की ते चिकट होते आणि काडतुसाचे कवच धरून ठेवते. चेंबरच्या मापाचा ब्रश सळईच्या तुकड्यावर लावून, कमी वेगाच्या ड्रिलने, द्रावणात भिजवून फिरवला. बाहेर आलेला पॅच (पुसायचा कापडाचा तुकडा) चहाच्या चोथ्यासारखा होता. हाच उपाय जवळजवळ नेहमी पुरतो.

१४ जानेवारी: मापे

साफसफाईआधीच मापे घ्यायचा मोह होतो, पण तांब्याचा थर असताना बोर खरा आहे त्यापेक्षा घट्ट दिसतो. म्हणून आज फक्त ढोबळ तपासणी.

तोंडाची चाचणी: काडतुसाची गोळी उलट्या बाजूने, म्हणजे टोक आत, नळीच्या तोंडात घालून किती आत जाते ते पाहायचे. कवचाची कड आणि नळीचे तोंड यांत स्पष्ट फट राहिली तर झीज कमी. कड तोंडाला टेकली तर तोंड झिजलेले. यासाठी खरे काडतूस वापरू नये, निकामी केलेले डमी वापरावे. मोसिनमध्ये गोळी पूर्ण आत जाते, आणि ते अपेक्षितच आहे. पोलादी सळई तोंडाकडून घालून वर्षानुवर्षे साफसफाई केल्याने तिथले उंचवटे झिजले, म्हणून आर्सेनलने तेवढा भाग भोक पाडून मोठा केला. खरे तोंड आता आत आहे. काउंटरबोर हा दोष नाही, दोषावरचा इलाज आहे. तो तिरका असला तरच गोळी भरकटते.

गोळी झाडून झालेली झीज थ्रोटकडे जास्त असते. तोंडाकडची झीज बरेचदा सळईने आणि दोरीने केलेली असते. एनफील्डच्या दोरीच्या पुलथ्रूने तोंडाशी एका बाजूला खाच पडते, तीच जातकुळी. गॅरंडसाठी तर दोन वेगळे गेज असतात, एक थ्रोटचे, एक तोंडाचे. यातून ब्रेक-इनबद्दल एक गोष्ट आधीच कळते. ज्या बॅरलचे तोंड साफसफाईने गेले आहे, त्यावर ‘दर गोळीनंतर साफसफाई’ हा उपचार करायला जाणे म्हणजे रोग वाढवणे.

हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबरमध्ये काडतूस टेकते ती जागा यांतले अंतर): एनफील्डमध्ये ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद झाला, ०.०७४ च्या फील्ड गेजवर झाला नाही. चालेल. नं. ४ ला ० ते ३ क्रमांकांची बोल्ट हेड मिळतात. सैल असती तर पुढच्या क्रमांकाचे बसवले असते. मात्र क्रमांकावर विश्वास ठेवू नये, हेडची लांबी मायक्रोमीटरने मोजावी. गेज लावताना एक्स्ट्रॅक्टर (कवच ओढणारी आकडी) काढलेला असावा आणि बोल्ट दोन बोटांनी फिरवावा, जोर लावून कोणताही गेज ‘बसतो’.

१८ ते २१ जानेवारी: बोरची मूळ साफसफाई

या कामाचा सर्वांत मोठा वेळ इथे गेला, आणि जायलाच हवा होता.

जुन्या नळीत एकच घाण नसते. कार्बन, त्यावर तांबे, त्यावर पुन्हा कार्बन असे थर दशकानुदशके दाबले गेलेले असतात. तांब्याचे द्रावण कार्बनच्या थराखाली पोहोचत नाही आणि कार्बनचे द्रावण तांब्याखाली. म्हणून लोक एकच बाटली आठवडाभर वापरतात, पॅच पांढरा आला की खूश होतात, आणि पुढच्या थराला हातही लागलेला नसतो.

ठरवलेला क्रम:

१. कार्बनचे द्रावण, ब्राँझचा ब्रश, दहा फेऱ्या, १५ मिनिटे थांबून कोरडे पॅच.
२. बोर पूर्ण कोरडा. दोन द्रावणे एकमेकांत मिसळू द्यायची नाहीत.
३. अमोनिया असलेले तांब्याचे द्रावण, नायलॉनचा ब्रश. बाटलीवर दिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवायचे नाही. रात्रभर तर मुळीच नाही.
४. कोरडे पॅच, रंग पाहायचा. निळा म्हणजे तांबे निघते आहे.
५. पुन्हा १ पासून.

पितळी जॅग (सळईच्या टोकाचा पॅच धरणारा तुकडा) आणि ब्राँझचा ब्रश तिसऱ्या पायरीत वापरला तर पॅच कायम निळाच येतो, कारण द्रावण जॅगच खात असते. प्लास्टिकचा किंवा निकेलचा मुलामा दिलेला जॅग घ्यावा. या एका चुकीमुळे किती स्वच्छ बॅरले पुन्हापुन्हा घासली गेली असतील, सांगता येत नाही.

सळई एकसंध, चेंबरकडून, मार्गदर्शक नळीतून. गॅरंडमध्ये मागून जाता येत नाही, तोंडाकडूनच जावे लागते, म्हणून तोंडावर पितळी गाइड, आणि रायफल उलटी धरलेली, म्हणजे द्रावण गॅसच्या भोकात उतरत नाही. मोसिनच्या काउंटरबोरच्या पायरीवर नेहमीचा पॅच टेकतच नाही. तिथे मोठ्या मापाचा पॅच तोंडाकडून वेगळा फिरवला. काळा चिखल निघाला.

कुठे थांबायचे? मोसिनच्या नळीत खड्डे आहेत. अशा नळीत पांढरा पॅच कधीच येत नाही, तपकिरी छटा राहतेच, ती गंजाची. निळे येणे थांबले आणि उंचवट्यांच्या कडा तीक्ष्ण दिसू लागल्या की पुरे. घासून चकाकी आणण्याचा हट्ट धरला तर खड्डे जात नाहीत, उंचवटे जातात.

एम४८ दोन फेऱ्यांत स्वच्छ झाली. आत तांबे नाममात्र होते, कारखान्यातल्या चाचणीच्या गोळ्यांचे असावे तेवढेच; बाकी सगळे ग्रीस.

२३ जानेवारी: स्लग

आता बोर स्वच्छ, म्हणून माप खरे. शुद्ध मऊ शिशाचा तुकडा, तेल लावून, पितळी सळईने हलके ठोके देत नळीतून बाहेर. वाटेत ठोक्यांचा जोर बदलतो तिथे बोर घट्ट किंवा सैल आहे असे समजायचे. तोंडाजवळ अचानक सैल झाला तर तोंड झिजलेले.

चार खोबण्यांच्या नळीत समोरासमोर खोबण्या येतात, साध्या मायक्रोमीटरने माप मिळते. एनफील्डच्या पाच खोबण्यांत खोबणीसमोर उंचवटा येतो, त्यामुळे साधा मायक्रोमीटर कमी माप दाखवतो. यासाठी व्ही आकाराच्या जबड्याचा मायक्रोमीटर लागतो.

मोसिनसाठी गोळी ०.३१० ते ०.३११ इंचाची, एनफील्डच्या थ्री-नॉट-थ्रीला ०.३११ ते ०.३१२, एम४८ ला ०.३२३, गॅरंडला ०.३०८. एनफील्डच्या खोबण्या गोळीपेक्षा सैल सापडणे नेहमीचेच, इथेही तेच. सैल नळीत गट (निशाणावरच्या गोळ्यांच्या खुणांचा झुबका) पसरतो तो ब्रेक-इन न केल्यामुळे नव्हे. त्याला गोळी बदलणे हा उपाय आहे.

२८ जानेवारी: गोळीबार, पहिली फेरी

आधी प्रत्येक बोरमधून दोन कोरडे पॅच. चेंबरमध्ये तेल राहिले तर कवच भिंतीला धरत नाही आणि सगळा जोर बोल्टवर येतो. बोरमध्ये अडथळा नाही हे डोळ्यांनी पाहायचे. प्रत्येक रायफलीची पहिली गोळी खांद्यावरून नाही: रायफल टेकूला बांधून, दोरीने ट्रिगर ओढून. मग कवच तपासले. प्रायमर मागे सरकलेला नाही, भोसकलेला नाही, बुडाजवळ चकचकीत कडे नाही.

दारूगोळा एकाच लॉटचा, नाहीतर तुलना फुकट. मोसिनसाठी पोलादी कवचाचा जुना सोव्हिएत माल. त्याच्या गोळीला चुंबक चिकटतो, कारण जॅकेट तांब्याच्या मुलाम्याचे पोलाद आहे. गॅरंडला जुन्या लष्करी एम२ बॉल काडतुसाच्या जोडीचाच माल. जड गोळी आणि संथ दारू असलेल्या शिकारी काडतुसांनी तिचा ऑपरेटिंग रॉड (बोल्ट मागे नेणारी दांडी) वाकतो.

पहिल्या फेरीत चारही रायफलींवर ब्रेक-इनचा सोपस्कार पूर्ण केला. दहा वेळा एक गोळी आणि साफसफाई, त्यानंतर साफ न करता पाच-पाच गोळ्यांचे गट.

गॅरंड: पहिल्या काही गोळ्यांनंतर पॅच गडद निळे, मग रंग फिका होत गेला. पुस्तकात सांगतात तसे.

एम४८: निळे कमी, आणि गोळीगणिक त्यात फारसा बदल नाही.

मोसिन आणि एनफील्ड: दहाव्या गोळीनंतरही पॅच पहिल्याइतकाच निळा. म्हणजे खरवडणारी जागा झिजत नाहीये. ती जागा रीमरचे ओरखडे नाहीत, गंजाचे खड्डे आहेत, आणि खड्डे गोळीने गुळगुळीत होत नाहीत. मात्र साफसफाई थांबवल्यावर मजा झाली. पहिला गट फाटलेला, पुढचे गट हळूहळू जवळ आले. कुणीही इथे ‘ब्रेक-इन झाला’ असे म्हटले असते.

२८ जानेवारी, संध्याकाळ: मीठ

जुन्या लष्करी प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असते. जळल्यावर त्याचे पोटॅशियम क्लोराइड होते, म्हणजे एक प्रकारचे मीठच. हवेतला ओलावा ओढून ते रात्रीत गंज चढवते. तेलात ते विरघळत नाही, पेट्रोलजन्य द्रावणातही नाही. पाण्यात विरघळते.

कृती: चेंबरमध्ये नरसाळे, अर्धा लिटर उकळते पाणी. थंड पाण्यानेही मीठ जाते. गरम पाण्याचा फायदा हा की नळी तापून लगेच सुकते. कोरडे पॅच, मग नेहमीची साफसफाई, मग तेल. बोल्टचा चेहरा, फायरिंग पिनचे टोक आणि मोसिनची काउंटरबोर पायरी विसरायची नाही. गॅरंडमध्ये असा माल वापरला तर गॅस सिलिंडर आणि रॉडचे टोकही उघडावे लागते. काच पुसण्याच्या अमोनियावाल्या फवाऱ्याची फार कीर्ती आहे; त्यात काम करते ते पाणी.

कवचावरून ओळख पटत नाही. बॉक्सर (प्रायमरचा एक प्रकार) म्हणजे सुरक्षित, हा समज खोटा: दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन थर्टी-नॉट-सिक्स (गॅरंडचे काडतूस) बहुतांश बॉक्सर प्रायमरचा आणि तरी गंज आणणारा आहे. शंका असेल तर पाणी ओतावे.

४ फेब्रुवारी: दुसरी फेरी

चारही नळ्या जानेवारीतल्या क्रमाने पुन्हा निळे संपेपर्यंत साफ. लॉट तोच, अंतर १०० मीटर, टेकू तोच. या वेळी सोपस्कार नाही; थेट पाच-पाच गोळ्यांचे गट.

गॅरंडमध्ये सुरुवातीचा गडद निळा आला नाही. म्हणजे नव्या थ्रोटमध्ये काहीतरी कायमचे बदलले. ते साफसफाईमुळे की नुसत्या गोळ्यांमुळे, हे एका बॅरलवरून ठरत नाही, आणि ठरले असे कुणी सांगितले तर मानू नये.

मोसिन आणि एनफील्डने पहिल्या फेरीचाच खेळ पुन्हा केला. स्वच्छ नळीतून पहिला गट फाटलेला, पहिली गोळी तर बाजूलाच, मग गट जुळत आले. दहा वेळा केलेल्या साफसफाईची कसलीही आठवण नळीत शिल्लक नव्हती. खड्ड्यांत कार्बन आणि तांबे भरले की गोळीची वाट सारखी होते; साफ केले की पुन्हा शून्यापासून. सोपस्काराने उलट नळी दर गोळीला तिच्या सर्वांत वाईट अवस्थेत परत नेली.

लोखंडी नेमावर नेमबाजाची चूक रायफलीपेक्षा मोठी असते, म्हणून एका गटावरून काही ठरवले नाही. सगळे गट एकमेकांवर ठेवून पाहिले. मोसिन डावी-उजवीकडे मारते हा वेगळा मुद्दा: ९१/३० चा नेम संगीन लावून बसवला जात असे. संगीन काढली की मारा सरकतो. नेमाची पुढची कणी सरकवून जुळवावे, बॅरलला दोष देऊ नये.

७ फेब्रुवारी: नाकारलेले पर्याय

फायर-लॅपिंग, म्हणजे घर्षणलेप लावलेल्या गोळ्या झाडून बोर गुळगुळीत करणे. नाही. लेप सर्वांत जास्त थ्रोट खातो, आणि जुन्या रायफलीत तोच आधी गेलेला असतो. जाडसर घर्षणलेप पॅचवर घेऊन घासणेही नाही. विजेच्या प्रवाहाने तांबे काढणे खोल काळ्या नळीत चालते, पण ध्रुव उलटे लागले तर बोरच बिघडू शकतो. ज्याला हे दोनदा तपासायचा कंटाळा आहे त्याने करू नये.

९ फेब्रुवारी: ठरलेली पद्धत

मोसिन, एनफील्ड: ब्रेक-इन नाही. एकदा मूळ साफसफाई, त्यानंतर तांबे फक्त गट बिघडायला लागल्यावर. मीठ मात्र प्रत्येक वेळी, त्याच दिवशी. महत्त्वाच्या गोळीबाराआधी चार-पाच गोळ्या नळी ‘मळवायला’.

एम४८: ब्रेक-इन नाही. ग्रीस पूर्ण काढणे हेच तिचे काम होते.

गॅरंड: बॅरल बनवणाऱ्याने सांगितलेला क्रम असेल तर तेवढाच पाळावा, गाइडशिवाय एकही फेरी नाही. पहिल्या ४०-५० गोळ्यांत जे व्हायचे ते होऊन जाते.

१६ फेब्रुवारी

आठवड्याने तपासणी. तीन नळ्यांत पॅच स्वच्छ. मोसिनच्या काउंटरबोर पायरीवर नारिंगी डाग, बोरमध्ये नाही. पाणी नरसाळ्यातून सरळ गेले, पायरीच्या कोपऱ्यात मीठ राहिले. ओला मोठा पॅच तोंडाकडून फिरवला, वाळवले, तेल. यापुढे मोसिनच्या यादीत ही पायरी वेगळी लिहायची: पाणी ओतल्यावर तोंडाकडून एक ओला पॅच, दोन कोरडे, तीन दिवसांनी पुन्हा बघणे.